पुढची चाकं थाडथाड उडतात तेव्हा: ट्रॅक्शन बार निवडण्याआधी आणि निवडताना

पहिल्या गिअरमध्ये जोरात निघालं की पुढून थाडथाड आवाज येतो, स्टीअरिंग हातात थरथरतं आणि गाडी पळायच्या ऐवजी हिसके देत राहते. हा व्हील हॉप. टायर नुसता गरगर फिरून रबर जाळतो ती गोष्ट वेगळी. त्यात टायरचं नुकसान होतं, बाकी फार काही नाही. हॉपमध्ये चाक जमीन पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं, आणि हे सेकंदाला साधारण दहा-पंधरा वेळा चालतं. प्रत्येक पकडीला ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर, घण बसतो. त्याच्या टोकाचा सीव्ही जॉइंट तुटतो, डिफरन्शियलची (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाची) पिन जाते. फोक्सवॅगनच्या ०२ए आणि ०२जे या गिअरबॉक्समध्ये रिंग गिअर डिफरन्शियलला रिव्हेटने जोडलेला असतो; ते रिव्हेट तुटले की आतून केसला भोक पाडतात. म्हणूनच त्या गिअरबॉक्सवर ताकद वाढवणारे लोक रिव्हेट काढून बोल्ट बसवतात.

हॉप आला की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो ट्रॅक्शन बारचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मला पुढे-मागे हलू न देणाऱ्या दांड्याचा. बार चांगला असला तर काम करतोच. पण त्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही बार आर्मला खरोखर धरून ठेवतात, तर काही नुसते दोन बोल्टमधले रंगवलेले पाइप असतात. फरक ओळखायचा तर चाक नेमकं कुठे आणि का हलतं हे आधी बघावं लागतं.

क्लच सुटला की टायरचं रबर जमीन धरतं. तेवढ्या क्षणात टायरची भिंत पिळली जाते, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) दबतात, चाक काही मिलिमीटर पुढे सरकतं आणि आडवं बसवलेलं इंजिन आपल्या फाउंडेशनवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी माउंटांवर, मागच्या बाजूला झुकतं. हे सगळं ताणलेल्या स्प्रिंगसारखं भरून राहतं. पकड सुटली की सगळं एकदम परत येतं, चाकावरचा भार कमी-जास्त होतो, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा ताण भरतो. म्हणजे हॉपला तीन स्प्रिंगा लागतात: टायर, आर्मचे बुश आणि इंजिनचं फाउंडेशन. ट्रॅक्शन बार यातल्या फक्त मधल्या स्प्रिंगेचा इलाज आहे.

आता आकडे मांडू. १२०० किलोची गाडी, व्हीलबेस २.५७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. उभ्या गाडीचं ६२ टक्के वजन पुढे, म्हणजे ७४४ किलो. अर्ध्या जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने) गाडी सुटली की वजन मागे जातं: १२०० गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले २.५७. हे झाले ११७ किलो. पुढे उरले ६२७. चांगल्या रस्त्यावर टायर आपल्यावरच्या वजनाइतकाच ढकलू शकतो असं धरलं, तर दोन्ही चाकं मिळून ६२७ किलोंचा जोर लावतील, एकेक चाक ३१३ किलोंचा. तिकडे इंजिन २५० न्यूटन मीटरचं आणि पहिला गिअर व फायनल मिळून १३.६ पट असेल, तर चाकांकडे ३४०० न्यूटन मीटर येतात. पकडीला त्यातले जेमतेम १९०० पेलवतात. फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया यांची दीड लिटर टर्बो इंजिनं कारखान्यातूनच २५० न्यूटन मीटर देतात. म्हणजे चाकणच्या कारखान्यातून निघालेली साधी सेडानसुद्धा या आकड्यांपर्यंत पोचते, आणि रीमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) डिझेल तर कितीतरी पुढे.

इथे एक समज दूर करायला हवा. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या की गाडी मागे कमी बसते, त्यामुळे वजन मागे जाणं थांबतं असं सांगितलं जातं. वरच्या हिशोबात स्प्रिंग कुठेच नाही. गाडी किती बसेल ते स्प्रिंग ठरवते. किती वजन मागे जाईल ते गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस ठरवतात. गाडी खाली केल्याने आकडा बदलतो, पण थोडाच.

बारच्या आधी

गाडी लिफ्टवर घ्या, लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ टॉमी (लोखंडी पहार) घाला आणि आर्म पुढे-मागे ढकलून बघा. रबर थोडं दबणं ठीक. आर्म खटकन सरकला, रबराला चीर दिसली किंवा बुश हायड्रॉलिक असेल आणि त्यातून तेल आलं असेल, तर बुश गेला. गेलेल्या बुशवर बार लावणं म्हणजे मोडलेल्या दाराला नवीन कुलूप. त्याच वेळी बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक आणि शॉकॲब्सॉर्बर तपासा. तेल सुटलेला शॉकॲब्सॉर्बर चाकाचं उडणं आवरू शकत नाही, मग बार कितीही भारी असो.

दुसरं, इंजिनचं फाउंडेशन. आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांना खाली मागच्या बाजूला एक टॉर्क माउंट असतो, हाडकासारखा दिसणारा. वर काढलेला १९०० न्यूटन मीटरचा पीळ फाउंडेशनला पेलायचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा या एका तुकड्याकडे जातो. त्याच्या पोकळ रबरात पॉलियुरेथेनचा इन्सर्ट बसवणं हे सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक काम आहे. एका बोल्टाचं, तासाभराचं. शोअर ए या कडकपणाच्या मापात ६० ते ७० चा इन्सर्ट रोजच्या गाडीला पुरतो. ८० च्या पुढे गेलात की एसी चालू करून सिग्नलला उभं राहिल्यावर आरसा थरथरतो. सगळी फाउंडेशनं एकदम कडक करू नका. हादरे मग ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये जातात आणि ते तडकतं.

तिसरं, सबफ्रेम, म्हणजे लोअर आर्म ज्या चौकटीला बसतात ती. काही गाड्यांत सबफ्रेमच्या बोल्टांची भोकं बोल्टापेक्षा बरीच मोठी असतात आणि जोर पडला की अख्खी सबफ्रेम एखादा मिलिमीटर सरकते, टक असा आवाज देते. स्कोडा लॉरा ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्यावर हे ओळखीचं दुखणं आहे. भोकात नेमक्या बसणाऱ्या कॉलरी टाकल्या की ते थांबतं.

टायरच्या हवेचा प्रयोग करायचा तर दोन-दोन पीएसआयने करा, आणि तोही ट्रॅकवर. हवा कमी केली की पकड वाढते पण भिंत जास्त पिळते, म्हणजे पहिली स्प्रिंग आणखी मऊ होते. त्यामुळे एका गाडीत हवा कमी करून हॉप थांबतो तर दुसरीत वाढतो. ट्रॅकवरून निघताना हवा पुन्हा भरा.

नेमकी कोणती स्प्रिंग दोषी आहे हे डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतं. चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला फोन पक्का बांधा, सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, आर्मवर आणि सबफ्रेमवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्या. सेकंदाला १२ उड्या असतील तर एका उडीच्या २० फ्रेम मिळतात, भरपूर झाल्या. दोन ठिपक्यांमधलं अंतर बदलताना दिसलं तर आर्म हलतो आहे आणि बारचा उपयोग होईल. ठिपके स्थिर आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतल्या टोकाकडचा कप वर-खाली नाचतो असं दिसलं तर फाउंडेशन आधी. दोन्ही स्थिर आणि टायरच्या भिंतीला सुरकुत्या पडत असतील तर पैसे टायरवर खर्च करा. हे चित्रण बंद आवारात किंवा ट्रॅकवरच करा, आणि कुणालाही गाडीच्या पुढे उभं करू नका.

टॉर्क स्टीअर, म्हणजे जोर दिला की स्टीअरिंग एका बाजूला ओढलं जाणं, हा वेगळा आजार आहे. २००९ च्या फोकस आरएसमध्ये फोर्डने रेव्होनकल नावाची रचना दिली ती त्यासाठी. ट्रॅक्शन बार त्यावर औषध नाही.

आर्मवर नेमका किती जोर येतो

पुढच्या चाकाला फिरवणारा पीळ ड्राइव्ह शाफ्टमधून येतो आणि त्याची प्रतिक्रिया फाउंडेशनवर जाते, नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्यावर) नाही. म्हणून निघताना चाक नकलला जणू चाकाच्या मध्यावरून पुढे ढकलतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) गाडीत चाकाचा मध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटर, आर्म आणि नकल जोडणारा खालचा बॉल जॉइंट १८ सेंटिमीटर आणि स्ट्रटचं वरचं टोक ८५ सेंटिमीटर धरा. तरफेच्या हिशोबाने जोराचा ८२ टक्के वाटा बॉल जॉइंटवर येतो. ३१३ चे झाले २५७ किलो.

हे २५७ किलो एल आकाराच्या आर्मच्या टोकावर पुढे ओढतात. टोकापासून बुशांच्या रेषेपर्यंत ३३० मिलिमीटर आणि दोन बुशांमध्ये २५० मिलिमीटर असतील, तर मागच्या बुशवर आडवा जोर येतो २५७ गुणिले ३३० भागिले २५०, म्हणजे ३४० किलो. हा बुश कंपनीने मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, खड्ड्याचा धक्का आत येऊ नये म्हणून. तो ३ मिलिमीटर दबला की बॉल जॉइंट ४ मिलिमीटर पुढे जातो. टाय रॉड मात्र जागेवर असतो, म्हणून टो (वरून पाहता चाकाचं आत-बाहेर वळलेपण) सुद्धा बदलतो, आणि चाक पुढे-मागे होताना जमिनीवर आडवंही घासतं.

ब्रेक मारला की चित्र उलटतं आणि मोठं होतं. कॅलिपर नकलवर बसलेला असतो, म्हणून ब्रेकचा जोर जमिनीच्या पातळीवर, मागच्या दिशेने लागतो. एक जी च्या ब्रेकिंगला एका पुढच्या चाकावर सुमारे ४७५ किलो धरले, तर बॉल जॉइंटवर ८५ भागिले ६७ या पटीने ६०० किलो येतात. निघताना होते २५७. म्हणजे ज्या वस्तूला आपण ट्रॅक्शन बार म्हणतो तिच्यावर खरा ताण ब्रेकमध्ये येतो, दुपटीहून जास्त. बार निवडताना नुसत्या निघण्याचा विचार करणारा माणूस निम्माही हिशोब करत नाही. आणि बार तुटला तर तो बहुधा अशाच वेळी तुटणार, वेगात, ब्रेकवर पाय असताना.

जागा घेणारा बार आणि भर घालणारा बार

ट्रॅक्शन बारची कल्पना पुढच्या चाकांच्या गाड्यांत रुजली ती अमेरिकेतल्या होंडा ड्रॅग रेसिंगमध्ये. १९८८ ते १९९१ च्या सिविक आणि सीआरएक्सला पुढे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचं) सस्पेन्शन आहे. त्यात खालचा आर्म आतल्या बाजूला एकाच बुशवर असतो आणि त्याला पुढे-मागे आवरायला एक रेडियस रॉड पुढच्या आडव्या बीमपर्यंत जातो. बीममध्ये तो रबरी बुशात पकडलेला. ट्रॅक्शन बारच्या किटमध्ये हा बीम काढून जाड पाइपचा क्रॉसमेंबर येतो आणि रेडियस रॉडच्या जागी दोन्ही टोकांना रॉड एंड (आत गोळा फिरणारा धातूचा सांधा) असलेला, लांबी बदलता येणारा रॉड. बीम गेल्याने टर्बोच्या मॅनिफोल्डला जागाही होते, हे अनेकांचं किट घेण्याचं दुसरं कारण.

इथे बार जुन्या भागाची जागा घेतो. आर्म ज्या अक्षावर वर-खाली फिरतो तो अक्ष आधी आतला बुश आणि रॉडचा बुश यांनी ठरत होता. आता आतला बुश आणि रॉड एंड ठरवतात. रॉड एंड जुन्या बुशच्या जागी आला की काम झालं.

पोलो, व्हर्टस, ऑक्टेव्हिया, स्विफ्ट यांच्यासारख्या मॅकफर्सन गाड्यांत तसं नाही. तिथे आर्मला दोन बुश आहेत, त्यांनी अक्ष आधीच ठरवून टाकला आहे. बार हा तिसरा पकडणारा हात, वरून घातलेली भर. तिसऱ्याने आधीच्या दोघांशी भांडू नये यासाठी एकच अट आहे: गाडीकडचा त्याचा सांधा पुढच्या आणि मागच्या बुशांतून जाणाऱ्या सरळ रेषेवर, किंवा ती रेषा पुढे-मागे वाढवली तर तिच्यावर, असला पाहिजे. सगळ्या निवडीचा गाभा हाच आहे, आणि जाहिरातीत त्याबद्दल एक अक्षर नसतं.

ही अट मोडली तर काय होतं? बार आर्मला अक्षापासून २५० मिलिमीटरवर जोडला आहे, गाडीच्या लांबीच्या दिशेने ३५० मिलिमीटर जातो, तिरका धरून त्याची लांबी ४३० च्या आसपास. गाडीकडचा सांधा अक्षाच्या ४० मिलिमीटर खाली आहे, कारण तिथे ब्रॅकेट बसवणं सोपं होतं. चाक ५० मिलिमीटर वर गेलं की आर्मवरची जोडणी ३८ मिलिमीटर वर जाते आणि बारची लांबी साडेतीन मिलिमीटर वाढायला हवी. चाक तेवढंच खाली गेलं की साडेतीन मिलिमीटर कमी व्हायला हवी. लोखंडी बार दोन्ही करत नाही. मग बुश दबतात, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि टो प्रत्येक खड्ड्याला बदलतात, सस्पेन्शन अडकून कडक वाटतं आणि काही महिन्यांत ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ बारीक चीर दिसते.

तोच सांधा उंचीला बरोबर पण ४० मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकलेला असेल, तर लांबीतला फरक पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे आडवी चूक चालून जाते, उंचीची चूक चालत नाही. बार हातात आला की सर्वांत आधी हेच बघायचं. गाडी रॅम्पवर, वजन चाकांवर, पुढच्या बुशच्या बोल्टाच्या मध्यापासून मागच्या बुशच्या मध्यापर्यंत दोरा ताणून बांधा, तो बारच्या सांध्यापर्यंत न्या आणि मोजा. दोरा बहुतेक गाड्यांत आडवा नसतो, थोडा कललेला असतो. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक बुश पचवतात. २० च्या वर असेल तर तो बार परत करा.

उजवीकडून डावीकडे जाणारा आणि दोन्ही आर्मच्या मागच्या बुशांचे बोल्ट एकमेकांना जोडणारा बारही ट्रॅक्शन बार म्हणून विकला जातो. तो सबफ्रेम थोडी घट्ट करतो, वळणावर काहींना फरक जाणवतो. पण तो आर्मला धरत नाही, बुशचं रबर होतं तितकंच हलत राहतं. हॉपसाठी हा घेऊ नये.

मॅकफर्सनच्या रोजच्या गाडीला बारऐवजी मागचा बुशच कडक बसवणं हा मला अधिक शहाणा मार्ग वाटतो. कडक रबराचा बुश मिळाला तर उत्तम. पॉलियुरेथेनमध्ये बघायचं ते असं: बुश उभ्या बोल्टावर बसत असेल तर आर्म वर-खाली होताना तो वाकडाही पिळतो, आणि घट्ट पॉलियुरेथेनला ते जमत नाही, तो आवाज करतो आणि लवकर फाटतो. तिथे आत गोल फिरणारा, स्फेरिकल बेअरिंगचा बुश चालतो, पण मग खडीच्या रस्त्यावर सगळं केबिनमध्ये ऐकू येतं. बार घ्यायचा तो इंजिनची ताकद बरीच वाढलेली असेल, मऊ रबराचे टायर असतील आणि गाडी खरोखर ट्रॅकवर जात असेल तेव्हा. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनसारख्या ठिकाणी गाडी नेणाऱ्याला बारचा हिशोब पटतो. रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्याला सहसा नाही.

डिफरन्शियल उघडं (साधं, ओपन) असेल तर हॉप पुष्कळदा एकाच चाकावर दिसतो. एलएसडीने (लिमिटेड स्लिप डिफरन्शियलने) पकड दोन्हीकडे वाटली जाते, पण मग दोन्ही आर्मवर पूर्ण जोर येतो. डॉज निऑन एसआरटी-४ ला २००३ मध्ये उघडं डिफरन्शियल होतं, २००४ पासून क्वाइफ कंपनीचं एलएसडी आलं. एलएसडी बसवणार असाल तर बुशांचं काम त्याच वेळी करून घ्या, गिअरबॉक्ससाठी सबफ्रेम तशीही खाली येतेच.

लोखंड, बोल्ट आणि सांधे

ब्रेकमधले ६०० किलो बॉल जॉइंटवर. बार आर्मला आतल्या बाजूला, २५० मिलिमीटरवर जोडला तर तिथे ते ८०० होतात, आणि बार तिरका असल्याने त्याच्या लांबीच्या दिशेने जवळपास एक टन. हे सगळं बारनेच पेललं असं धरून हिशोब करायचा. निघताना तोच आकडा सव्वाचारशे किलो आणि दिशा उलटी. बार पुढच्या बाजूला असेल तर निघताना तो दाबला जातो आणि ब्रेकला ताणला जातो. मागच्या बाजूला असेल तर याच्या उलट. दाबात पातळ पाइप वाकतो. २५ ते ३२ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा सीमलेस (बिनजोडाचा) किंवा क्रोममॉली पोलादाचा सरळ पाइप पुरेसा आहे. सरळ हा शब्द महत्त्वाचा. सायलेन्सर चुकवायला मध्ये वाक दिलेला बार ताण आला की त्या वाकातच स्प्रिंगसारखा उघडतो-मिटतो, आणि आपण काढायला निघालो होतो ती स्प्रिंग परत घालतो.

सांध्याला डबल शिअर हवा, म्हणजे रॉड एंडच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटचे कान. अनेक स्वस्त किटमध्ये रॉड एंड एका बोल्टावर बाहेर लोंबतो, मध्ये २५ मिलिमीटरचा स्पेसर. एक टन जोर २५ मिलिमीटर बाहेर लागला तर १२ मिलिमीटरच्या बोल्टाला वाकवणारा पीळ सुमारे २४० न्यूटन मीटर होतो आणि बोल्टातला ताण १४०० मेगापास्कलच्या पुढे जातो. बोल्टाच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तुटण्याची ताकद १००० आणि कायमचं वाकण्याची मर्यादा त्याच्या ०.९ पट, म्हणजे ९००. स्पेसर घट्ट आवळलेला असेपर्यंत थोडं निभावतं. जरा सैल झाला की बोल्ट वाकतो. दोन कानांत धरला तर त्याच बोल्टाला घाम फुटत नाही.

रॉड एंड १६ मिलिमीटर किंवा ५/८ इंचाचा, आत टेफ्लॉनचं अस्तर असलेला घ्या. एका टोकाला उजवा आटा आणि दुसऱ्या टोकाला डावा असेल तर बार जागेवरच फिरवून लांबी बदलता येते. आटे व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेले असावेत, १६ ला २४ मिलिमीटर. पाइपच्या टोकाजवळ तपासायचं भोक असलेला बार मिळाला तर चांगलं. लॉकनट दोन्ही टोकांना. आणि रबरी बूट नसलेला रॉड एंड आपल्याकडे घेऊच नका. धूळ आणि पावसाळ्यातला चिखल मिळून त्याला पॉलिशपेपरसारखे घासतात, एका पावसाळ्यात सांधा खुळखुळायला लागतो.

लेथवाल्याकडून बार करून घेणार असाल तर ब्रॅकेट ५-६ मिलिमीटर प्लेटचं, आणि ते सबफ्रेमला बोल्टने बसेल असं करा. लोअर आर्मवर वेल्डिंग टाळा. दाबलेल्या पत्र्याच्या आर्मवर वेल्डिंगच्या कडेला पत्रा कमजोर होतो, बुशचं रबर जळतं. ॲल्युमिनियमच्या किंवा ओतीव आर्मचा तर प्रश्नच नाही. आर्मला मिठी मारणारा बोल्टचा क्लॅम्प किंवा जोडणी आधीपासून असलेला दुसरा आर्म, हे दोनच मार्ग.

बसवताना

पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, जॅकवर नाही. सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना चाकाचा मध्य ते बॉडीवरचा एक ठरलेला बिंदू हे अंतर मोजून लिहून ठेवा. कंपनीचे काही बोल्ट ताणून आवळायचे असतात, टॉर्कनंतर ठरावीक अंशात फिरवून. ते पुन्हा वापरू नका. ब्रॅकेट सैल लावा, बार लटकवा, मग गाडी रॅम्पवर घेऊन चाकांवर वजन द्या. आता बारची लांबी अशी जुळवा की शेवटचा बोल्ट बोटांनी ढकलून आत जाईल. हातोडी लागली म्हणजे बारमध्ये ताण भरला गेला आणि बुश एका बाजूला दाबून बसला. कॅस्टर वाढवायचा असेल तर तो अलाइनमेंटच्या मशीनवर, दोन्ही बाजूंना सारखा. बॉल जॉइंट ६ मिलिमीटर सरकला की कॅस्टर साधारण अर्धा अंश बदलतो. डाव्या-उजव्या अंतरात २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

आर्मच्या रबरी बुशचे बोल्टही वजन चाकांवर असतानाच आवळा. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. १२ मिलिमीटरच्या १०.९ बोल्टाला साधारण ११० न्यूटन मीटर, किटसोबत वेगळा आकडा दिला असेल तर तोच. लॉकनट आवळताना रॉड एंडचं डोकं कानांच्या मधोमध सरळ धरा. तिरकं राहिलं तर वर-खाली होताना ते कानाला अडतं आणि मानेतून तुटतं. मग स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, जॅकने आर्म पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या, टायर, ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर, कशालाच बार लागत नाही ना बघा. कॅस्टर वाढवून चाक पुढे सरकलं असेल तर बंपरच्या आतल्या लायनरकडे विशेष लक्ष. शेवटी टो करून घ्या, बदललेला असतोच.

जमिनीपासूनची उंची मोजून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो; आपल्या गल्लीतला त्याहून उंच आणि अरुंद. चार माणसं बसवून बारखाली १३-१४ सेंटिमीटर राहत नसतील तर तो रोजच्या गाडीला नाही. सबफ्रेमच्या खाली लोंबणारा बार गतिरोधकावर आपटला की धक्का सरळ आर्मच्या जोडणीत जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं ज्यांनी नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी फरक पडेल. बसवण्याआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. ट्रॅकसाठी बोल्टने बसणारा, परत काढता येणारा बार इथेही सोयीचा पडतो.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, नंतर ५०० ला. प्रत्येक बोल्टावर आवळल्यावर रंगाची रेघ ओढून ठेवली की सैल झालेला लांबून दिसतो. पावसाळ्याआधी आणि नंतर रॉड एंडचा बूट बाजूला करून बार हाताने हलवा; हाताला जरासुद्धा टक लागलं तर रॉड एंड बदला, जोडीने. ब्रेक दाबताना एकदा टक आणि सोडताना एकदा टक असा आवाज यायला लागला, तर ट्रॅकचा दिवस असला तरी गाडी उभी करा आणि खाली बघा.